किटली कुणी रिकामी केली

माझ्या बायकोच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला पेननं ठिपके काढले होते आणि प्रत्येक ठिपक्याशी एकेक औषध अगदी किंचित टोचलं होतं. दुसऱ्या हाताला सलाईन, बोटाला मशीनचा चिमटा, उशाशी भरून तयार ठेवलेल्या सिरिंजा. मी खुर्ची ओढून इतका जवळ बसलो होतो की नर्स म्हणाली, "काका, उजेड अडवताय." पण मला हलवेना. एका ठिपक्याशेजारची कातडी लाल व्हायला लागली होती. बघता बघता ती फुगली आणि डास चावल्यावर येते तशी पांढुरकी गांध तिथं उठून बसली.

"खाजतंय," बायको म्हणाली.

"खाजू दे," मी म्हणालो. "चांगलं खाजू दे."

"डॉक्टर, यांना बाहेर बसवा. मला खाजतंय आणि यांना आनंद होतोय."

होत होता, खोटं कशाला बोलू? ज्या गोष्टीचा आळ आमच्या घरात अर्धं आयुष्य दुधावर होता, तिचा खरा गुन्हेगार माझ्या डोळ्यांसमोर उगवत होता. उठून त्या नर्सला मिठी मारावी असं वाटत होतं. त्याच दिवशी हे लिहायला बसणार होतो, पण ऑपरेशन होईपर्यंत दम धरला. आता धरवत नाही. आमच्या घरातल्या आणि सासरवाडीच्या ज्यांनी ज्यांनी दुधाची गोष्ट ऐकली, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे, कारण ती गोष्ट खोटी आहे आणि खोटी असल्याचं एकट्या मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आमचा मुलगा तेव्हा बालवाडीत जायचा. आज त्याची मुलगी कॉलेजात आहे. बायकोच्या गळ्याला पुढच्या बाजूनं थायरॉईडची गाठ आली होती, लिंबाएवढी. राजारामपुरीतल्या एका लहान दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. तो दवाखाना आता नाही. तिथले डॉक्टरही गेले, आणि त्या जागी मोबाईलचं दुकान आहे. त्यामुळे कागद कुठं मिळतील असं कुणी विचारू नये. जे आहे ते माझ्या डोक्यात आहे.

आदल्या संध्याकाळी सासूबाई, मेव्हणे, माझी थोरली बहीण असे सगळे घरी जमले असताना मी जाहीर केलं, की ही ऑपरेशन होऊन बाहेर येईपर्यंत माझा निरंकार उपास. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. अंबाबाईला तसं बोललोय. हे माझ्याकडं कुणी मागितलं नव्हतं. बायको म्हणालीच, "मला डॉक्टरांनी उपाशी ठेवलंय. तुम्हाला कुणी ठेवलंय?" पण सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझी छाती फुगली.

आक्का, म्हणजे माझी बहीण, गंगावेशीत दिलेली. तिच्या घरी म्हशी. कट्ट्यावर म्हैस उभी करायची, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ ग्लास तसाच त्याच्या हातात द्यायचा, हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. आक्काकडं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं, धारोष्ण दूध. पोराला ताप आला, दूध. कुणी नापास झालं, दूध. तर ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ती किटली घेऊन दवाखान्यात हजर.

"जरा घोटभर घे गं. टेबलावर ताकद लागती."

नर्स म्हणाली, "मावशी, पेशंटला काही द्यायचं नाही. उपाशीपोटी पाहिजे."

"दूध म्हंजे काय खाणं हाय व्हय?"

सासूबाई तिथंच होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि त्या खाली गणपतीला हात जोडायला गेल्या. त्यामुळे पुढचं त्यांनी ऐकलं नाही. पुढं बायको म्हणाली, "नको वन्सं, बाहेर आल्यावर घेते," आणि आक्का म्हणाली, "बरं, हितं ठेवते. आल्यावर घे." तिनं किटली कॉटखाली सरकवली आणि ती म्हशींकडं परत गेली.

मग नर्स बायकोला कपडे बदलायला घेऊन गेली. खोलीत मी आणि किटली.

आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं. रात्रभर डोळा नव्हता. मी झाकण उचललं ते फक्त बघायला. फेस अजून बसला नव्हता. ज्यानं गंगावेशीत उभं राहून दूध प्यायलंय त्याला तो वास सांगायला नको आणि ज्यानं प्यायलं नाही त्याला सांगून कळणार नाही. एक घोट, म्हटलं. मग किटली तोंडाला लावली ती रिकामी होईपर्यंत खाली घेतली नाही. झाकण बसवलं, बाहीनं मिशी पुसली, किटली होती तिथं ठेवली.

बायकोला स्ट्रेचरवरून नेताना तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "उपास झेपतोय ना?"

मी मान हलवली.

दार बंद झालं आणि थोड्याच वेळात आत धावपळ ऐकू आली. एक माणूस पळत बाहेर गेला, सिलिंडर ढकलत परत आला. दार उघडलं तेव्हा मला आतलं एवढंच दिसलं: तिचे पाय. तांबडेलाल, टरटरून सुजलेले. पायाच्या बोटांतली जोडवी मांसात रुतली होती आणि एक वॉर्डबॉय ती पकडीनं तोडत होता. तासाभरापूर्वी तेच पाय मी पांघरुणात गुंडाळले होते.

डॉक्टर बाहेर आले ते घामानं थबथबलेले. म्हणाले, "जीव वाचलाय. गळ्याला हातसुद्धा लावला नाही अजून. भुलीची औषधं दिली आणि लगेच श्वास कोंडला, बीपी पडलं. आता ठीक आहे, पण ऑपरेशन आज नाही. सकाळी पोटात काही गेलं होतं का?"

सासूबाई खोलीत गेल्या, वाकल्या आणि कॉटखालून किटली ओढून आणली. झाकण काढून उपडी धरली. एक थेंब फरशीवर पडला.

डॉक्टर दमलेले होते, पण त्यांनी दोन्ही शक्यता सांगितल्या, त्यांना दोष देता येणार नाही. पोटात दूध असेल तर ते उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं, किंवा एखाद्या औषधाची रिअ‍ॅक्शन असू शकते. दुसरं वाक्य आमच्यापैकी कुणी ऐकलंच नाही, कारण पहिल्याचा पुरावा सासूबाईंच्या हातात होता. आणि माझ्या मनात तिसरंच चाललं होतं. देवीला शब्द दिला आणि बायको दाराआड जायच्या आत मी तो मोडला. हे मी केलंय.

आक्काला बोलावून घेतलं. ती धावत आली, हाताला अजून शेणाचा वास.

"पाजलंस ना शेवटी?" सासूबाई म्हणाल्या.

"न्हाय हो. किटली ठिवली अन् गेलते मी."

"मग दूध गेलं कुठं? म्हशीनं परत नेलं?"

आक्कानं सगळ्यांकडं बघितलं. माझ्याकडंही बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. राजारामपुरीत बघण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक.

बायको शुद्धीवर आली तेव्हापासून एकच सांगत राहिली, मी दूध प्यायले नाही. लोक म्हणाले, बघा, नणंदेला वाचवायला खोटं बोलते, एवढी गुणाची सून. तिच्या चांगुलपणाचं असं कौतुक झालं की तिचं खरं कुणाच्या कानात शिरलंच नाही.

फाउंड्रीत माझं काम तपासणीचं होतं. कास्टिंगमध्ये बुडबुड्याचं एक भोक दिसलं तरी अख्खी खेप थांबवायची, आणि दोष वाळूचा की धातूचा की ओतणाऱ्याचा हे कळल्याशिवाय पुढची भट्टी ओतू द्यायची नाही. चुकीचं कारण धरलं तर पुढचा मालही वाया जातो, हे मी पोरांना ओरडून ओरडून शिकवलं. आणि घरी चुकीचं कारण तसंच चालू दिलं.

गाठ साधी निघाली, कॅन्सरची नव्हती. गोळ्या सुरू झाल्या. ऑपरेशनचं नाव काढलं की बायको उठून स्वयंपाकघरात जायची. सगळे समजावायचे, अगं दूध प्यायलीस म्हणून झालं, पुढच्या वेळी नीट उपाशी राहा. ती म्हणायची, "दूध मी प्यायले नाही. मग मला काय झालं ते आधी सांगा." तिच्या या प्रश्नाला मी भित्रेपणा म्हणायचो, चारचौघांत. फोटो काढताना ती पदर गळ्याभोवती घ्यायची. आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांच्या फोटोंत ती थंडी वाजल्यासारखी उभी आहे.

आणि आक्कानं आमच्या दारात परत कधी किटली आणली नाही. बारशाला, पाचवीला, दिवाळीला ती यायची ती रिकाम्या हातांनी. कुणीतरी हमखास म्हणायचं, "आक्का, आज दूध नाही ना आणलं?" आणि हसायचं. तीही हसायची.

यंदा गाठीनं श्वासनलिका दाबायला सुरुवात केली. बायकोला आडवं झोपता येईना. चार उश्या लावून बसून झोपायची. सर्जननी सांगितलं, आता काढायलाच हवी, आणि पूर्ण भूल दिल्याशिवाय निघणार नाही. मुलगा म्हणाला, "आई, तेव्हा दूध होतं पोटात. या वेळी मी स्वतः लक्ष ठेवतो." तो तिला धीर देत होता. माझ्या अंगावर मात्र काटा आला. दूध नव्हतंच, तर जे काही होतं ते अजून तिथंच होतं. तिला नीट उपाशी ठेवून, सगळी काळजी घेऊन, तेच औषध पुन्हा दिलं तर?

भूलतज्ज्ञ डॉक्टर म्हणजे माझ्या नातीहून थोडी मोठी मुलगी. बोलायला फटकळ. तिनं विचारलं, "काकू, पूर्वी कधी भूल दिली होती?"

मुलगा म्हणाला, "दिली होती, पण आई दूध प्यायली होती, त्यामुळे..."

"मी प्यायले नव्हते," बायको सवयीनं म्हणाली.

"मग दूध कोण प्यायलं?" त्या मुलीनं सहज विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी सरळ विचारला नव्हता. सासूबाईंनी विचारला तो टोमणा होता.

"मी," मी म्हणालो.

मुलगा माझ्याकडं बघत राहिला. बायकोनं मान वळवायला वेळ घेतला, गाठीमुळे तिला ती पटकन वळवता येत नाही.

"तुम्ही?"

"हो."

"उपास होता ना तुमचा?"

"होता."

तिनं गळ्याभोवतीचा पदर सैल केला. मग म्हणाली, "दूध कसं होतं?"

"गोड होतं," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

डॉक्टरला आमच्या उपासाशी काही देणंघेणं नव्हतं. ती खुर्चीत पुढं सरकली होती. "म्हणजे पोट रिकामं होतं. नक्की? काका, तेव्हा तुम्ही काय काय बघितलं ते सांगा. अंग लाल झालं होतं? सूज?"

मी जोडव्यांचं सांगितलं. मांसात रुतलेली, पकडीनं तोडलेली. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण ते दुधाच्या गोष्टीत कुठं बसत नव्हतं. बायको म्हणाली, "मला सांगितलं होतं, जोडवी हरवली."

"दुधानं पायाची बोटं सुजत नाहीत, काका," डॉक्टर म्हणाली. "औषध गेल्या गेल्या अंग लाल, सूज, दम, बीपी खाली. ही रिअ‍ॅक्शन वाटते. आणि काकू, भूल म्हणजे एकच औषध नसतं. झोपेचं वेगळं, दुखू नये म्हणून वेगळं, घशात नळी घालताना स्नायू सैल पडावेत म्हणून वेगळं. तुम्हाला भूल सोसत नाही असं नाही. त्यातलं कुठलं तरी एक सोसत नाही. ते शोधू. बाकीची आहेतच." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हे तुम्ही बोलला नसता ना, तर मी कदाचित तेच दिलं असतं."

दवाखान्याच्या दारात मुलगा गाडी आणायला वळला. बायको म्हणाली, "गाडी राहू दे. तू घरी जा. आम्ही रिक्षानं जातो." आणि माझ्याकडं न बघता रिक्षावाल्याला म्हणाली, "गंगावेस."

वाटेत ती बाहेर रस्त्याकडं बघत होती. आक्काला काय सांगायचं ते मी मनात जुळवत होतो आणि तरी, विचित्र वाटेल, पण हलकंही वाटत होतं. शाळा सुटल्यावर पळत सुटावं तसं. देवीनं नव्हतं केलं. म्हशीच्या दुधानं नव्हतं केलं. बहुतेक एका औषधानं केलं होतं, आणि त्या औषधाला नाव होतं, ते शोधता येत होतं.

संध्याकाळची वेळ, कट्ट्यावर गर्दी. भाचा धार काढत होता, आक्का स्टुलावर बसून ग्लास धूत होती. पाठ वाकलीय, पण ग्लास अजून कुणाला धुऊ देत नाही. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि जे सांगायचं ते सांगितलं. गिऱ्हाइकं ऐकत होती, ऐकू दिलं.

"तू?" आक्का म्हणाली.

"मी."

"सगळी किटली?"

"सगळी."

"वर उपास धरला हुतास न्हवं?"

शेजारी ग्लास घेऊन उभ्या असलेल्या एका पैलवानाला ठसका लागला. आक्का हसली नाही. तिनं हातातला ग्लास खाली ठेवला.

"तुझ्या सासूनं मरेस्तोवर माझ्या घरचा चा घेतला न्हाय. तिला आता कोण जाऊन सांगणार, सांग की."

तिचं बोलणं तसंच लिहून ठेवतो.

बायको पुढं झाली. "वन्सं, मी सांगत होते ना सगळ्यांना. मी नाही प्यायले."

"सांगत हुतीस. अन् मला वाटायचं, मला वाचवायला खोटं बोलतीस." आक्कानं तिचा हात धरला. "माझ्या दुधानं तू मरायला टेकलीस, अन् वर माझ्यासाठी खोटं बोलतीस. म्हणून तर तुझ्याशी कवा भांडले न्हाय मी. लई वेळा भांडायचं हुतं."

"मग आता भांडा."

"आता ह्याच्याशी भांडते," आक्का म्हणाली आणि भांडली. गंगावेशीतल्या म्हशींनीही माना वर केल्या. शेवटी दमून म्हणाली, "जा आता. आधी तिची तपासणी कर. तुझं मी नंतर बघते."

तपासणीचं सुरुवातीलाच सांगितलं. स्नायू सैल करायच्या एका औषधानं मोठी गांध उठवली, त्याच्या भावकीतल्या एकानं बारकी. तिसरं टोचलं तिथं कातडी जशीच्या तशी, जणू काही झालंच नाही. झोपेची, दुखण्यावरची, सगळी स्वच्छ. डॉक्टरनं मला तो तिसरा ठिपका बोटानं दाखवला. "हा आपला माणूस," ती म्हणाली. मुलानं फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवला. बायकोचा गळा उघडा असलेला कितीतरी वर्षांतला तो पहिलाच फोटो, खाली गांध उठलेला हात.

ऑपरेशनच्या दिवशी बायकोच्या मनगटाला लाल पट्टी होती, तिच्यावर त्या दोन औषधांची नावं. आत नेताना ती मला म्हणाली, "आज उपास नाही ना?"

"नाही."

"जेवलात?"

"नाही. घशाखाली उतरत नाही."

"तुमचं हेच. धरायचा तेव्हा मोडता आणि नको तेव्हा धरता."

दार बंद झालं. मी पुन्हा त्याच दाराकडं बघत बसलो, म्हणजे दुसऱ्याच दवाखान्यातल्या, पण तेच ते. धावपळ ऐकू येते का म्हणून कान लावले. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. इतकी सुंदर शांतता मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. मेव्हणे, त्यांच्या बायका, सून, नात, सगळे बाकांवर. सगळ्यांना एव्हाना कळलं होतं आणि जो तो माझ्याकडं बघून नजर फिरवत होता.

बराच वेळ गेल्यावर जिना चढून आक्का आली. भाच्याच्या हातात किटली. तिनं बाकावर बसून दम घेतला, पदरातून ग्लास काढला आणि भरला.

"पी."

"ती बाहेर आल्यावर पितो, आक्का."

"मागल्या खेपेलाबी असंच म्हणालतास."

आधी नात हसली. मग मोठा मेव्हणा, मग सगळी रांगच. नर्सनं बोट ओठांवर ठेवलं. मी ग्लास हातात घेतला आणि आधी दाराकडं बघितलं. म्हातारा झालो, चाचण्या डोळ्यांनी बघितल्या, तरी आत कुठंतरी वाटतच होतं, मी घोट घेतला की दाराआड पळापळ सुरू होईल. सगळे बघत होते. मी प्यायलो. थांबत, सावकाश, शेवटपर्यंत. दाराआड काहीही झालं नाही.

थोड्या वेळानं भूलतज्ज्ञ मुलगी बाहेर आली. तोंडावरचा मास्क खाली ओढला. "गाठ निघाली. श्वास, बीपी, सगळं घड्याळासारखं चाललं. डोळे उघडलेत काकूंनी." मी हात जोडले. ती माझ्याकडं बघून हसली आणि आत गेली. तिला हसू कशाचं आलं ते मला कळलं नाही.

बायकोला बाहेर आणलं तेव्हा मी आधी पांघरुणाखाली हात घालून तिची पावलं चाचपली. गार होती, सडपातळ, नेहमीची. मग तिच्या तोंडाकडं गेलो. गळ्याला पट्टी, डोळे अर्धवट. तिनं मला बघितलं, बघतच राहिली. मग घोगऱ्या, कसाबसा ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली,

"अहो, मिशी पुसा."